'लाइक'नंतर टू की आयएनजी? आणि 'प्रिफर'चा खरा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या पेठेत राहून तुम्ही कम्बाइनची, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची, तयारी करताय. एका क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'लाइक, लव्ह, हेट, प्रिफर यांच्यानंतर टू प्लस व्ही-वन', म्हणजे टू आणि क्रियापदाचं मूळ रूप. दुसऱ्या सरांनी सांगितलं, 'आवडीनिवडीच्या व्हर्बनंतर नेहमी आयएनजी'. सराव पेपरात 'आय प्रिफर टू वॉक दॅन टू टेक अ बस' हे वाक्य तुम्ही बरोबर धरलंत आणि मार्क गेला. वर हिंजवडीत नोकरी करणारा रूममेट म्हणतो, त्याच्या मेलमधलं 'आय वुड लाइक अटेंडिंग द ट्रेनिंग' मॅनेजरने खोडून 'टू अटेंड' केलं. तेव्हा एकच काय तो नियम सांगा, असं तुमचं म्हणणं.

एकच नियम नाही हो. पण घाबरू नका, चाळीस व्हर्बची यादीही पाठ करायला लावणार नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न मिसळलेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत. मी पेठेतच मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि कंपन्यांत काम करणाऱ्यांचे मेलही तपासून देते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते: 'लाइक'पुढे काय लावायचं याची लोक सर्वांत जास्त काळजी करतात आणि तिथे चूक जवळजवळ होतच नाही. चुका होतात त्या 'एन्जॉय', 'वुड लाइक' आणि 'प्रिफर'पाशी. त्यातही 'प्रिफर' पहिल्या नंबरावर.

आधी तुमच्या दोन्ही सरांचा निकाल लावू. 'आय लाइक टू स्विम' बरोबर. 'आय लाइक स्विमिंग'ही बरोबर. लाइक, लव्ह, हेट, प्रिफर या चौघांनी एखादी सर्वसाधारण आवड किंवा नावड सांगायची असेल, तर दोन्ही रूपं चालतात. म्हणजे दोन्ही सर बरोबर, फक्त 'नेहमी हेच' हा आग्रह दोघांचाही चुकीचा. अमेरिकेत 'टू'कडे कल जरा जास्त, ब्रिटनमध्ये मजा म्हणून करायच्या गोष्टींना आयएनजी जास्त. पण हा कल आहे, कायदा नव्हे. परीक्षेत कोणी 'आय लाइक टू स्विम' चुकीचं ठरवलं, तर चूक पेपर काढणाऱ्याची.

तरीही दोन्ही अगदी एकच आहेत का? बहुतेक वेळा हो, पण काही ठिकाणी नाही, आणि ती ठिकाणं बघण्यासारखी आहेत. हे वाक्य घ्या: 'आय लाइक टू चेक द बिल बिफोर आय पे.' लक्ष्मी रोडवर दिवाळीची खरेदी करून काउंटरवर उभं राहिल्यावर आपण बिलावरून एक नजर फिरवतो. त्यात मौज काही नसते, पण तसं केलेलं बरं असतं. इथे 'लाइक'चा अर्थ 'मजा वाटते' असा नसून 'तसं करणं मला योग्य वाटतं, म्हणून मी करतो' असा आहे. या अर्थाला 'टू'च शोभतो. 'आय लाइक चेकिंग द बिल' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की या गृहस्थांना बिलं तपासण्याचा शौक आहे. असतातही म्हणा असे लोक, आमच्या सोसायटीचे खजिनदार त्यातलेच.

नकार आला की हा फरक आणखी धारदार होतो. 'आय डोन्ट लाइक टू डिस्टर्ब हिम' म्हणजे त्याला त्रास देणं मला बरं वाटत नाही, म्हणून मी जात नाही. 'आय डोन्ट लाइक डिस्टर्बिंग हिम' म्हणजे त्रास द्यावा लागतोय, कदाचित रोजच लागतोय, पण आवडत नाही. पहिल्या वाक्यात माणूस दाराबाहेरूनच परत फिरला. दुसऱ्यात त्याने दार वाजवलेलं असू शकतं.

आणि मुलाखतीत हमखास येणारं एक. 'डू यू लाइक लिव्हिंग इन पुणे?' असं विचारलं, तर उत्तरात 'आय लाइक लिव्हिंग हिअर' म्हणा. तुम्ही इथे राहताच आहात, अनुभव चालू आहे, तिथे आयएनजी नैसर्गिक वाटतं. 'आय वुड लाइक टू लिव्ह इन पुणे' म्हणालात, तर समोरच्याला वाटेल तुम्ही अजून पुण्याबाहेरच आहात.

ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ साली हा फरक नेमका पकडला होता. त्याच्या मांडणीचा सारांश असा की आयएनजी रूप एखाद्या कृतीकडे प्रत्यक्ष समोर असलेली गोष्ट म्हणून बघतं. 'टू'चं रूप त्याच कृतीकडे शक्यता म्हणून, अजून व्हायची आहे अशी बघतं. त्याला इतिहासही आहे. 'टू मुंबई'मधला 'टू' आणि 'टू गो'मधला 'टू' जुन्या इंग्रजीत एकच होते, दोन्ही दिशा दाखवणारे. त्यामुळे 'वॉन्ट टू', 'होप टू', 'विश टू', 'प्लॅन टू' ही सगळी पुढे बघणारी व्हर्ब 'टू'च घेतात. हे सूत्र प्रत्येक कुलूप उघडत नाही, त्याचे अपवाद पुढे येतीलच, पण अडल्यावर अंदाज करायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या हाती लागलेलं नाही.

आता मराठी माणसाच्या खास अडचणीकडे येऊ, कारण ती व्याकरणाच्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपण म्हणतो: मला पोहायला आवडतं. मला पोहायला मजा येते. मला पोहायला हरकत नाही. मला पोहायला कंटाळा येतो. चारही वाक्यांत तेच 'पोहायला'. शाळेत पहिल्या वाक्याचं भाषांतर 'आय लाइक टू स्विम' असं शिकवलं जातं आणि ते बरोबरच असतं. तिथून डोक्यात बसतं की 'यला' म्हणजे 'टू'. मग दुसऱ्या वाक्याचं 'आय एन्जॉय टू स्विम' होतं, तिसऱ्याचं 'आय डोन्ट माइंड टू स्विम'. दोन्ही चूक. इंग्रजीत 'आय एन्जॉय स्विमिंग', 'आय डोन्ट माइंड स्विमिंग'. चौथ्यात तर 'आय ॲम टायर्ड ऑफ स्विमिंग'.

यावर मी वर्गात एकच उपाय करून घेते. इंग्रजी व्हर्बचा मराठी अर्थ असा पाठ करायचा की त्याला 'यला' चिकटूच नये. 'एन्जॉय' म्हणजे 'मजा येणे' नाही, 'एन्जॉय' म्हणजे 'चा आनंद घेणे'. कशाचा? पोहण्याचा, वाचनाचा, सिनेमाचा. 'माइंड' म्हणजे 'ला हरकत असणे'. कशाला? थांबण्याला. 'कान्ट स्टँड' म्हणजे 'सहन न होणे'. काय? रांगेत उभं राहणं. 'डिसलाइक' म्हणजे 'नापसंत असणे'. काय? उशिरा येणं. मराठीत 'णं', 'ण्याचा', 'ण्याला' आलं की तिथे कृतीचं नाम झालेलं असतं, आणि इंग्रजीत या जागेवर आयएनजी येतं. 'फील लाइक' हा याच गटातला, पण आपल्याकडे त्याचं रूप वेगळं: 'चहा प्यावासा वाटतोय' म्हणजे 'आय फील लाइक हॅविंग सम टी'. ब्रिटिश बोलीतला 'फॅन्सी' असाच. हा गट एवढाच लक्षात ठेवा: एन्जॉय, माइंड, डिसलाइक, फॅन्सी, फील लाइक, कान्ट स्टँड. 'कान्ट स्टँड'नंतर 'टू' अधूनमधून ऐकू येतो, विशेषतः अमेरिकन तोंडी, पण पेपरात आयएनजीच लिहा. 'कान्ट बेअर'ला मात्र दोन्ही चालतात.

'एन्जॉय'बद्दल एक जादाची गोष्ट, कारण ती वरच्या मुद्द्याला बळ देते. मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'काल सिंहगडावर खूप एन्जॉय केलं.' इंग्रजीत ते 'वी एन्जॉइड अ लॉट' होतं आणि अर्धवट राहतं. काय एन्जॉय केलं? 'एन्जॉय'ला कर्म लागतंच. 'वी एन्जॉइड द ट्रेक' म्हणा, नाहीतर 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज'. कर्माची जागा नामाची असते, म्हणून तिथे कृती आली तर तिला नाम होऊन, म्हणजे आयएनजी लावूनच यावं लागतं. आता तुम्ही विचाराल, मग 'हेट' दोन्ही घेतो आणि 'डिसलाइक' एकच का? अर्थ तर सारखाच. याला मी कितीही तर्क जोडला तरी तो ओढूनताणून आणलेला वाटेल. वापराने तसं रूढ झालंय. हे एक पाठ करा आणि पुढे चला.

तुमच्या रूममेटच्या मेलचं उत्तर मात्र मराठीतच तयार आहे, आणि ते मिळालं की मुलांचे चेहरे खुलतात. 'मला ट्रेनिंगला बसायला आवडतं' आणि 'मला ट्रेनिंगला बसायला आवडेल' यांत आपण कधी गोंधळतो का? पहिली सवय, दुसरी इच्छा. 'आवडतं' म्हणजे 'लाइक', 'आवडेल' म्हणजे 'वुड लाइक'. 'आवडेल'मधली गोष्ट अजून झालेली नाही, पुढे आहे, म्हणून 'टू'. 'आय वुड लाइक टू अटेंड', 'आय वुड लव्ह टू जॉइन', 'आय वुड हेट टू मिस इट', 'आय वुड प्रिफर टू वेट'. साध्या 'लाइक'ला जी मोकळीक होती, ती 'वुड' लागल्यावर संपते. त्याच्या मॅनेजरने केलं ते योग्यच केलं.

पण इथे एक सापळा आहे आणि हुशार मुलं त्यातच अडकतात. 'वुड आलं की टू' असा नियम करून ठेवू नका. 'वुड' आला तरी 'एन्जॉय' आणि 'माइंड' आपला हट्ट सोडत नाहीत. 'आय वुड एन्जॉय वर्किंग विथ युवर टीम' हेच बरोबर, गोष्ट भविष्यातली असली तरी. 'वुड यू माइंड वेटिंग?' हेही तसंच. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी व्हर्ब कोणतं ते बघा, ते वरच्या सहाजणांपैकी असेल तर विचार थांबवा आणि आयएनजी लावा. तसं नसेल आणि मागे 'वुड' असेल, तर टू. दोन्ही नसेल, तर निवांत, कुठलंही चालेल.

दुसऱ्याने काहीतरी करावं अशी इच्छा असेल, तर मराठीचा 'असं' आपल्याला फसवतो. 'तुम्ही यावं असं मला वाटतं' याचं 'आय वुड लाइक दॅट यू कम' करू नका. 'आय वुड लाइक यू टू कम.' कर्म मध्ये, मग टू. 'वॉन्ट'चंही तसंच: 'आय वॉन्ट यू टू चेक धिस.' कंपन्यांच्या मेलमध्ये 'आय वॉन्ट दॅट यू शुड' हा प्रकार मी इतक्यांदा खोडलाय की आता नजर आपोआप तिथेच जाते.

आता 'प्रिफर'. इथे जरा सावकाश जाऊ, कारण तुमचा मार्क इथेच गेला.

मराठीत तुलना म्हटली की 'पेक्षा'. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन' हे आपल्याला पाचवीपासून माहीत. म्हणून 'कॉफीपेक्षा मला चहा पसंत आहे' याचं 'आय प्रिफर टी दॅन कॉफी' होतं. पण 'प्रिफर' लॅटिनमधून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ 'पुढे ठेवणे'. एक गोष्ट दुसरीच्या पुढे ठेवायची, त्यात 'दॅन' बसत नाही, 'टू' बसतो. तुम्ही स्पर्धा परीक्षेवाले, तेव्हा 'सीनियर टू', 'ज्युनियर टू', 'सुपीरियर टू', 'प्रायर टू' ही रांग पाठ असेलच. तीही लॅटिनचीच मंडळी. 'प्रिफर'ला त्याच रांगेत उभा करा. 'आय प्रिफर टी टू कॉफी.'

नामांपुरतं हे सोपं आहे. कृती आली की गोंधळ सुरू होतो. समजा वाक्य दिलंय: 'स्वारगेटला रिक्षाने जाण्यापेक्षा मी मेट्रोने जाणं पसंत करतो.' वर्गात याचं पहिलं उत्तर बहुधा असं येतं: 'आय ॲम प्रिफरिंग टू गो टू स्वारगेट बाय मेट्रो दॅन बाय रिक्षा.' एकेक पायरी घेऊ. 'ॲम प्रिफरिंग' गेलं, कारण पसंती ही मनाची स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही. साधा 'आय प्रिफर'. 'दॅन' गेलं, कारण आत्ताच बघितलं. उरलं 'आय प्रिफर टू गो बाय मेट्रो', पुढे काय? 'टू' हवा म्हणून आपण लिहायला जातो: 'आय प्रिफर टू गो बाय मेट्रो टू टू गो बाय रिक्षा'. मोठ्याने वाचा. दोन 'टू' एकमेकांवर आदळले. असं वाक्य कोणी इंग्रज बोलत नाही.

सगळी गुंतागुंत या टकरीतून येते आणि तिच्यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट: दोन्ही कृतींना नाम करा, म्हणजे मध्ये एकच 'टू' राहील. 'आय प्रिफर टेकिंग द मेट्रो टू टेकिंग अ रिक्षा.' हा मधला 'टू' 'सीनियर टू'मधलाच, शब्दयोगी, म्हणून त्याच्यापुढे व्ही-वन येऊच शकत नाही. 'आय प्रिफर वॉकिंग टू टेक अ बस' लिहिलंत, तर वाचणारा अर्थ काढेल की तुम्ही बस पकडायला चालत जाणं पसंत करता! दुसरी वाट: 'टू' पहिल्या कृतीला द्या आणि तुलनेचं काम 'रादर दॅन'वर सोपवा. 'आय प्रिफर टू टेक द मेट्रो रादर दॅन टेक अ रिक्षा.' 'रादर दॅन'पुढे नुसता व्ही-वन. 'टू टेक'ही चालतं, आयएनजीही वाचनात दिसेल, पण पेपरात आणि मेलमध्ये व्ही-वन सर्वांत स्वच्छ दिसतो.

तुमचं 'आय प्रिफर टू वॉक दॅन टू टेक अ बस' दुसऱ्या वाटेने निघालं होतं आणि 'रादर' वाटेत विसरलं. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही कधीकधी तो विसरतात, हे कबूल करायला हवं. त्यामुळे लंडनच्या बसमध्ये हे वाक्य कोणी अडवणार नाही, पण आयोगाच्या पेपरात अडवलं जाईल. लिहिताना तो आग्रह मला पटतो.

आणि खरं सांगू का? रोजच्या बोलण्यात तिसरी वाट सर्वांत बरी: क्रियापदच टाळा. 'आय प्रिफर द मेट्रो टू अ रिक्षा.' पाठ करण्याजोगं काही नाही, चुकण्याजोगंही नाही.

'वुड रादर' हा 'प्रिफर'चा बोलका चुलतभाऊ आणि मला तो जास्त आवडतो. 'आय वुड रादर वॉक दॅन टेक अ बस.' दोन्हीकडे नुसता व्ही-वन, टू नाही, आयएनजी नाही. इथे 'दॅन' का चालतो? कारण 'रादर' हाच मुळात तुलनेचा शब्द आहे. 'लवकर' अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचं ते 'अधिक लवकर' असं रूप. म्हणजे 'दॅन' आला तो 'रादर'च्या जिवावर. 'प्रिफर'च्या वाक्यातही 'दॅन' हवा असेल, तर 'रादर'ला सोबत घ्यावंच लागतं. हे एकदा डोक्यात बसलं, की सगळी वाक्यं आपोआप जागेवर पडतात. एवढं लक्षात असू द्या की 'वुड रादर' शक्यतो या वेळेपुरत्या निवडीला वापरतात: पाऊस थांबलाय, आज चालतच जाऊ. रोजच्या सवयीला 'आय प्रिफर'.

'वुड रादर'चा आणखी एक प्रयोग आहे, तो पुस्तकात वाचून मुलं दचकतात. दुसऱ्याने काहीतरी करावं असं असेल, तर पुढे भूतकाळ येतो: 'आय वुड रादर यू केम टुमॉरो.' उद्याची गोष्ट आणि 'केम'? पण आपण काय म्हणतो बघा: 'उद्या आलात तर बरं.' 'आलात' हे भूतकाळाचंच रूप, आणि 'उद्या'शेजारी ते आपल्याला मुळीच खटकत नाही. घडलेलं नाही पण घडावं, अशा गोष्टीला दोन्ही भाषा भूतकाळाचा अंगरखा घालतात. हे वाक्य पाठ करू नका, मराठी वाक्य मनात म्हणा आणि 'आलात'च्या जागी 'केम' ठेवा.

'टू'पुढे आयएनजी आलेलं बघून बिचकणारे बरेच असतात, म्हणून एक चाचणी. 'टू'पुढे 'इट' ('ते' या अर्थाचा) ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' छान वाटतं, म्हणजे हा 'टू' शब्दयोगी, पुढे आयएनजी: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' 'आय ॲम यूज्ड टू इट' चालतं, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. 'आय ऑब्जेक्ट टू इट', म्हणून 'आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस'. उलट 'आय वॉन्ट टू इट' म्हणता येत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणारे पुण्यात इतके आहेत की तेच बरोबर वाटायला लागलंय. ते चूकच आहे.

'रिमेंबर', 'फरगेट', 'स्टॉप', 'ट्राय', 'रिग्रेट' ही व्हर्ब बहुतेक गाइडांत याच प्रकरणात कोंबलेली असतात. ती वेगळी ठेवा. तिथे टू आणि आयएनजीने अर्थच बदलतो: 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं आणि लावलं, 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे लावल्याचं आठवतंय. पुढची गोष्ट टू, झालेली गोष्ट आयएनजी; बोलिंजरचं सूत्र इथे चोख चालतं. पण आवडीनिवडीशी याचा संबंध नाही, दोन्ही याद्या एका बैठकीत पाठ करू नका.

परीक्षेपुरतं बोलायचं, तर 'लाइक'च्या प्रश्नात दोन्ही रूपं पर्यायांत दिसली तर आजूबाजूला खूण शोधा. खूण असतेच, नाहीतर प्रश्न बनत नाही. मागे 'वुड' किंवा आखूड केलेलं 'आय'ड' आहे का? वाक्यात 'टुनाइट', 'धिस टाइम' असं काही आहे का? पुढे तुलनेचा 'टू' आहे की 'रादर दॅन'? आणि सर्वांत जास्त वेळा नजरेतून निसटते ती यादी: 'ही लाइक्स स्विमिंग, सायकलिंग अँड टू रीड.' इथे 'लाइक टू रीड' बरोबर की नाही हा प्रश्नच नाही. पहिली दोन आयएनजी आहेत म्हणून तिसरंही 'रीडिंग' हवं. एका माळेत एकच रूप. शिवाय मुख्य व्हर्बलाच आयएनजी लागलं असेल, तर शेजारी दुसरं आयएनजी कानाला बोचतं: 'आय वॉज बिगिनिंग लाइकिंग इट' कोणी म्हणत नाही, 'बिगिनिंग टू लाइक इट' म्हणतात.

सरावासाठी अप्पा बळवंत चौकातून आणखी एक जाडजूड गाइड आणू नका. तुमच्याच दिवसातली वाक्यं घ्या: मेसचं जेवण, अभ्यासिकेतली जागा, संध्याकाळी पर्वती चढणं. प्रत्येकाचं 'आवडतं'चं एक आणि 'आवडेल'चं एक, शिवाय एक 'प्रिफर'चं वाक्य बनवा. ती वाक्यं मोठ्याने म्हणा, कारण 'टू टू'ची टक्कर कागदावर दिसत नाही, कानाला लगेच कळते.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण तोंडी मुलाखतीला उपयोगी पडेल असं एक. 'वुड यू माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स?' असं विचारलं की तयार असलेला मराठी मुलगा हसून 'यस सर!' म्हणतो. त्याला म्हणायचं असतं, हो, करेन. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, हो, माझी हरकत आहे. प्रश्न मनात मराठीत ऐका: 'रात्रपाळी करायला तुमची हरकत आहे का?' त्यावर आपण 'नाही' म्हणतो. तेच इंग्रजीत म्हणायचं, 'नो, नॉट ॲट ऑल', आणि लगेच पुढे 'आय डोन्ट माइंड वर्किंग ॲट नाइट' हे पूर्ण वाक्य जोडायचं, म्हणजे आयएनजीही बरोबर आलं आणि गैरसमजालाही जागा उरली नाही.